मोइवानाच्या कागदांपासून मोइवानापर्यंत

२८ जून २०२४ रोजी माझा प्रबंध विद्यापीठाकडे जमा झाला आणि नंतरचे दोन दिवस मी खोलीच्या भिंतीवर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठ्या एकेक करून काढत बसले होते. दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या देशाच्या लष्कराने २९ नोव्हेंबर १९८६ रोजी मोइवाना या खेड्यातील निःशस्त्र माणसे मारली, त्या मृत्यूंची चौकशी इतक्या वर्षांत तडीस का गेली नाही, हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. कायदा किंवा पत्रकारिता शिकणाऱ्या मराठी मुलामुलींनी या काळात मला अनेकदा विचारले की अशा विषयाला हात घालायचा तर सुरुवात कुठून करायची, परवानग्या कोणाच्या लागतात, खर्च किती येतो आणि ज्यांच्या घरातली माणसे गेली त्यांना विचारायचे तरी काय. मी सुरुवात केली तेव्हा हे सांगणारे कोणी मला भेटले नव्हते, म्हणून जे ज्या क्रमाने घडले ते त्याच क्रमाने लिहून ठेवते आहे.

थोडी पार्श्वभूमी आधी द्यायला हवी. ‘मरून’ हा शब्द मराठी कानाला वेगळाच लागतो. त्याचे मूळ ‘सिमारॉन’ या स्पॅनिश शब्दात आहे, जो प्रथम रानात पळालेल्या गुरांसाठी वापरला जात असे. डच मळ्यांवरच्या गुलामगिरीतून निसटून जंगलात, नद्यांच्या काठी ज्या आफ्रिकी लोकांनी स्वतःची गावे वसवली, त्यांचे वंशज म्हणजे सुरिनामचा मरून समाज. त्यांतील न्जुका लोकांनी १० ऑक्टोबर १७६० रोजी डच सत्तेला तह करायला लावला आणि सारामाका लोकांनी १७६२ साली. सुरिनाममधली गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६३ साली, म्हणजे हे लोक त्याच्या शंभर वर्षे आधीपासून स्वतंत्र होते. देश स्वतंत्र झाला २५ नोव्हेंबर १९७५ रोजी. पुढे पाच वर्षेही झाली नाहीत तोच, २५ फेब्रुवारी १९८० रोजी, देसी बाउटर्से यांच्या नेतृत्वाखाली लष्करी सार्जंटांनी सत्ता हाती घेतली, आणि ८ डिसेंबर १९८२ रोजी राजधानी पारामारिबोतील फोर्ट झेलांडिया या किल्ल्यात १५ विरोधकांना ठार मारण्यात आले. १९८६ च्या जुलैमध्ये बाउटर्से यांचे एके काळचे अंगरक्षक रॉनी ब्रुन्सवाइक, जे स्वतः न्जुका आहेत, यांनी ‘जंगल कमांडो’ उभारून लष्करी ठाण्यांवर हल्ले सुरू केले आणि देशाच्या पूर्व भागात यादवी पेटली. त्या युद्धात लष्कराच्या लेखी बंडखोर आणि साधा मरून गावकरी यांत फरक उरला नाही.

मोइवाना हे न्जुका लोकांचे गाव पूर्वेकडील मारोवाइने जिल्ह्यात, मुंगो ते आल्बिना या रस्त्यावर होते. २९ नोव्हेंबरला लष्कराने आणि त्याच्या हस्तकांनी तेथील किमान ३९ माणसे मारली; त्यांत तान्ही मुले होती, बायका होत्या, म्हातारी माणसे होती. घरे जाळली गेली. वाचलेले लोक रानातून वाट काढत मारोवाइने नदीपलीकडे फ्रेंच गयानात गेले किंवा देशातच विखुरले. फ्रान्सने नदी ओलांडून आलेल्या हजारो मरून लोकांना निर्वासिताचा दर्जा न देता ‘सुरिनामचे तात्पुरते विस्थापित’ असे नाव दिले, आणि हे ‘तात्पुरते’ अनेकांच्या बाबतीत आयुष्यभराचे ठरले.

या प्रकरणाशी माझी गाठ पडली ती नोव्हेंबर २०२२ मध्ये. नेदरलँड्समध्ये मानवी हक्क कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला येऊन मला दोन महिने झाले होते आणि एका चर्चासत्रासाठी आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाचा १५ जून २००५ चा मोइवाना निकाल वाचायला दिला होता. हत्याकांडाचा निकाल म्हणून मी तो हाती घेतला आणि पहिल्याच भागात अडखळले. सुरिनामने या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य केले १२ नोव्हेंबर १९८७ रोजी. हत्याकांड त्याच्या जवळजवळ एक वर्ष आधीचे. त्यामुळे त्या दिवशीच्या हत्यांबद्दल राज्याला दोषी धरण्याचा अधिकारच या न्यायालयाला नव्हता. न्यायालयाने पाहिले ते त्यानंतरचे: चौकशी झाली नाही हे, लोकांना गावी परतता आले नाही हे, आणि प्रेतांचे अंत्यविधी करता आले नाहीत हे. ते सगळे १९८७ नंतरही रोज चालू होते, आणि त्यावरच राज्य दोषी ठरले.

तारखेचे महत्त्व मला पुरते कळले ते दुसरे प्रकरण शेजारी ठेवल्यावर. ३१ डिसेंबर १९८७ रोजी अत्योनी येथे सैनिकांनी सारामाका लोकांना पकडून मारहाण केली, त्यांतील सात जणांना, ज्यांत एक १५ वर्षांचा मुलगा होता, गाडीत घालून नेले आणि राजधानीच्या रस्त्यावर थांबून त्यांना स्वतःचे खड्डे खणायला लावले. एक जण पळाला, गोळी लागून पडला, जखमी अवस्थेत सापडला, आणि काही दिवसांनी मरण्यापूर्वी घडलेले सांगून गेला. ही घटना अधिकारक्षेत्र मान्य केल्यानंतर बरोबर सात आठवड्यांनी घडली होती. १९९१ च्या डिसेंबरमध्ये न्यायालयासमोर सुरिनामने जबाबदारी कबूल केली आणि १० सप्टेंबर १९९३ रोजी ४,५३,१०२ अमेरिकी डॉलरच्या भरपाईचा, तसेच गुजाबा गावातली शाळा आणि दवाखाना पुन्हा सुरू करण्याचा आदेश झाला. अशा प्रकरणांचा अभ्यास करणाऱ्याने सर्वांत आधी एका कागदावर तारखांची पट्टी काढावी. मी ती काढली नसती तर माझा प्रश्नच चुकला असता. कोणी मारले हे शोधण्याइतके बळ, अधिकार आणि संरक्षण माझ्याकडे नव्हते. चौकशी कोणत्या टप्प्यावर, कोणत्या दिवशी आणि कशामुळे अडली हे मात्र कागदांवरून दाखवता येण्यासारखे होते.

डिसेंबर २०२२ ते फेब्रुवारी २०२३ हे तीन महिने निव्वळ वाचनाचे होते. न्यायालयाचे निकाल इंग्रजी आणि स्पॅनिश भाषांत विनामूल्य मिळतात. निकालात पक्षकारांचे म्हणणे, साक्षीदारांचे म्हणणे आणि न्यायालयाने सिद्ध मानलेली तथ्ये असे वेगवेगळे भाग असतात. मी तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन प्रत्येक विधान कोणाचे आहे हे समासात नोंदवले आणि परिच्छेद क्रमांकाशिवाय एकही टिपण घेतले नाही. हा कंटाळवाणा नियम पुढे फार उपयोगी पडला. जुनी वृत्तपत्रे पाहण्यासाठी ‘डेल्फर’ हा नेदरलँड्सचा डिजिटल संग्रह घरबसल्या वापरता येतो. मात्र गावाचे नाव निरनिराळ्या वर्तमानपत्रांत मोइवाना, मोई वाना, मोइ-वाना अशा वेगवेगळ्या पद्धतींनी छापलेले असल्याने प्रत्येक रूप टाकून शोध घ्यावा लागतो. माझे डच तेव्हा कामचलाऊ होते, म्हणून महत्त्वाच्या कागदांचे भाषांतर मी एका जाणकाराकडून पैसे देऊन तपासून घेतले.

या वाचनातच हेर्मन गुडिंग हे नाव आले. नागरी पोलिसांतले हे निरीक्षक १९८९ साली मोइवानाचा तपास करत होते. त्यांनी संशयितांना अटकही केली होती, पण त्यांतल्या एकाला सशस्त्र सैनिकांनी येऊन कोठडीतून सोडवून नेले. ऑगस्ट १९९० मध्ये गुडिंग यांचा पारामारिबोत गोळ्या घालून खून झाला आणि तपासातले त्यांचे सहकारी देश सोडून गेले. त्या संध्याकाळी मी दिवा न लावता बराच वेळ बसून राहिले. एवढे सगळे होऊनही ‘मोइवाना ’८६’ या संघटनेने मे १९९३ मध्ये महान्यायवाद्यांकडे पुन्हा चौकशीची मागणी केली, गावाजवळ सापडलेल्या मानवी अवशेषांची त्या वर्षी पाहणी झाली, आणि नंतर ते काम तिथेच राहिले. दरम्यान, १९९२ च्या ऑगस्टमध्ये युद्धकाळासाठीचा माफीचा कायदा लागू झाला होता. २७ जून १९९७ रोजी संघटनेने वॉशिंग्टनमधील आंतर-अमेरिकी आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने प्रकरण न्यायालयात नेले ते २० डिसेंबर २००२ रोजी. भिंतीवर या चिठ्ठ्या क्रमाने लावल्यावर दोन चिठ्ठ्यांमधल्या रिकाम्या जागाच जास्त बोलू लागल्या.

निकालातल्या एका भागाने मला माझ्याच समजुती तपासायला लावल्या. न्जुका समाजात मृत्यूनंतरचे विधी सहा महिने ते वर्षभर चालतात, प्रेत योग्य दफनभूमीत ठेवावे लागते, आणि हे झाले नाही तर मृताचा आत्मा रागावतो, पूर्वज दुखावतात आणि त्याचे भोग पिढ्यान्‌पिढ्या जिवंत माणसांना आजारपणाच्या रूपाने भोगावे लागतात, असे ते मानतात. काही प्रेते जाळली गेल्याचे नातलगांच्या कानावर आले होते, हे वाचताना माझे मन त्या वाक्यावर थांबलेच नव्हते, कारण आपल्याकडे दहन हाच संस्कार आहे. चार परिच्छेद पुढे गेल्यावर कळले की मरून समाजात दहन ही मृताची घोर विटंबना मानली जाते. मी मागे येऊन ते वाक्य पुन्हा वाचले. माझी आजी एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेली तेव्हा तिला आमच्या हाती दिले नाही; दहाव्याला घाटावर जाता आले नाही, घरातच पान वाढून आई किती तरी वेळ खिडकीशी कावळ्याची वाट पाहत उभी होती. तो एक दिवस आमच्या घरात अजून संपलेला नाही. इथे तर ३९ माणसांचे दिवस राहिले होते, आणि तेही गावाबाहेर हाकलले गेलेल्या लोकांच्या डोक्यावर. न्यायमूर्ती कान्सादो त्रिंदादे यांनी निकालाला जोडलेल्या स्वतंत्र मतात याला ‘आत्मिक हानी’ म्हटले आहे. दोषींना शासन होत नाही तोवर मृतांना शांती नाही, असे वाचलेल्यांनी न्यायालयाला सांगितले होते. म्हणजे त्यांच्या दृष्टीने चौकशी हा विधींचाच एक भाग आहे.

६ मार्च २०२३ रोजी मी विद्यापीठाच्या नीतिसमितीकडे अर्ज केला. २९ मार्चला तो ११ आक्षेपांसह परत आला. पहिल्या दिवशी मला राग आला, दुसऱ्या दिवशी लक्षात आले की त्यांतले निदान सात आक्षेप योग्य होते. मुलाखत मध्येच थांबवायची झाली तर काय करणार, ध्वनिमुद्रण सीमेवर कोणी मागितले तर काय करणार, संमतीपत्र वाचता न येणाऱ्या माणसाची संमती कशी नोंदवणार, मुलाखतीनंतर त्या व्यक्तीला त्रास झाला तर तिच्या जवळ कोण असेल, यांपैकी कशाचाही विचार मी केला नव्हता. मार्गदर्शक बाईंनी एक वाक्य लिहून दिले, जे मी पुढे वहीच्या पहिल्या पानावर चिकटवले: त्या दिवशी काय घडले हे तुम्ही विचारायचे नाही, ते न्यायालयाने एकदा विचारून घेतले आहे. मी प्रश्नावली बदलली. हत्याकांडाविषयीचे सगळे प्रश्न काढले आणि चौकशीविषयीचे ठेवले: तुमच्याकडे कोणी आले का, काय लिहून घेतले, त्याची प्रत दिली का, पुढे काही कळवले का. ८ मे रोजी अर्ज पुन्हा दिला आणि १२ जूनला मंजुरी आली. एकूण १४ आठवडे गेले. ज्यांना उन्हाळ्यात क्षेत्रकाम करायचे आहे त्यांनी हा अर्ज आधीच्या दिवाळीपर्यंत तयार ठेवावा.

कागदोपत्री दुसरी अडचण फ्रेंच गयानाची होती. ते फ्रान्सचेच अंग असले तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही, आणि माझ्याजवळचा नेदरलँड्सचा निवासपरवाना भारतीय पारपत्रावर तेथे पुरेल असे मी गृहीत धरले होते. सुदैवाने मी लेखी विचारणा केली आणि स्वतंत्र व्हिसा लागेल असे उत्तर आले. नदीवर होड्यांची ये-जा दिवसभर चालते, तिथले लोक सहज पलीकडे जाऊन येतात, आणि ‘कोणी विचारत नाही’ असे मला पुष्कळांनी सांगितले. पण ज्या संशोधनात दुसऱ्याच्या कायदेभंगाबद्दल लिहायचे आहे त्यात स्वतः कागदांविना सीमा ओलांडणे योग्य नव्हते, आणि त्यामुळे मला भेटणारी माणसेही अडचणीत आली असती. व्हिसा मिळायला पाच आठवडे लागले.

खर्चाचा हिशेब असा झाला: विमानाचे जाण्यायेण्याचे तिकीट १,१२० युरो, दोन महिन्यांचे खोलीभाडे ६००, दुभाष्याचे १८ दिवसांचे मानधन रोजी ६० प्रमाणे १,०८०, देशांतर्गत प्रवास ४२०, भाषांतर २४०, विमा आणि व्हिसा ३१०, एकूण ३,७७० युरो. विद्यापीठाच्या अनुदानातून १,५०० मिळाले, बाकीचे मी शनिवार-रविवारी केलेल्या कामाच्या शिलकीतून घातले. दुभाष्याच्या मानधनात काटकसर करू नये, असे माझे ठाम मत आहे.

४ ऑक्टोबर २०२३ रोजी मी पारामारिबोत उतरले. ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत तिथे मोठा कोरडा हंगाम असतो, रस्ते बरे असतात, म्हणून हा काळ निवडला होता. मी राहत होते ते घर एका हिंदुस्तानी बाईंचे होते. १८७३ साली लल्ला रूख जहाजातून उत्तर भारतातले गिरमिटिये मजूर इथे प्रथम आले, त्यांच्या वंशजांपैकी त्या. त्या सरनामी बोलत आणि मी मोडक्या हिंदीत उत्तर देई. मी त्यांना चाची म्हणत असे. विषय सांगितल्यावर चाची काही वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “बेटी, बसमध्ये हे मोठ्याने बोलू नकोस.” भीतीपेक्षा त्यात सवय अधिक होती. युद्धातले दोन्ही बाजूंचे नेते पुढे देशाच्या सर्वोच्च पदांवर पोहोचले: बाउटर्से २०१० ते २०२० या काळात राष्ट्राध्यक्ष होते आणि मी तिथे होते तेव्हा ब्रुन्सवाइक उपराष्ट्राध्यक्ष होते. इतक्या लहान देशात साक्षीदार, आरोपी आणि मृतांचे नातलग एकाच बाजारात भाजी घेतात, हे परक्या माणसाने कायम ध्यानात ठेवायला हवे.

पहिले दोन आठवडे कार्यालयांत गेले. एका कार्यालयात १९९३ च्या पाहणीचा अहवाल पाहायला मिळावा म्हणून मी चार वेळा गेले. पहिल्यांदा अर्ज डचमध्ये हवा होता, दुसऱ्यांदा विद्यापीठाचे मूळ पत्र हवे होते, तिसऱ्यांदा संबंधित अधिकारी रजेवर होते आणि चौथ्यांदा फाइल ‘शोधात आहे’ असे सांगण्यात आले. ती फाइल मला कधीच दिसली नाही. पण प्रत्येक भेटीची तारीख, वेळ आणि मिळालेले उत्तर मी वहीत लिहीत गेले होते आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतली होती, त्यामुळे प्रबंधात ‘अहवाल उपलब्ध झाला नाही’ हे वाक्य पुराव्यासह लिहिता आले. पोच घेतल्याशिवाय कोणत्याही खिडकीवरून हलू नये.

१७ ऑक्टोबरला मी पूर्वेला निघाले. शहराबाहेर सुरिनाम नदीवरचा उंच पूल, मग कोमेवाइने नदीवरचे स्टोल्कर्ट्सआइवर, जिथल्या लष्करी ठाण्यावरच्या हल्ल्याने युद्धाला तोंड फुटले, आणि पुढे दोन्ही बाजूंना रान असलेला लांबच लांब रस्ता. मुंगो हे बॉक्साइटच्या खाणीवर वाढलेले आणि खाणकाम थांबल्यावर मंदावलेले गाव आहे. माझी दुभाषी तिथलीच, शाळेत शिकवणारी न्जुका तरुणी होती. मी थेट लोकांना भेटायचे नाही, आधी वडीलधाऱ्यांच्या बैठकीत, ज्याला तिथे क्रुतू म्हणतात, परवानगी मागायची, असे जुलैपासूनच्या पत्रव्यवहारात ठरले होते. त्या पत्राचे उत्तर यायला सात आठवडे लागले होते. बैठकीच्या सकाळी दुभाषीने तिची एक पांगी, म्हणजे कमरेला गुंडाळायचे भरतकाम केलेले वस्त्र, आणली आणि माझ्या पँटवरून गुंडाळून गाठ मारून दिली. आपल्याकडे पूजेला बसण्याआधी मोठी बहीण धाकटीचा पदर नीट करते तसे ते वाटले.

क्रुतूमध्ये थेट समोरच्याशी बोलायचे नसते. बोलणाऱ्याच्या प्रत्येक वाक्यानंतर एक जण ठरावीक शब्दांत दाद देतो, पोवाड्यात झीलकरी ‘जी जी’ करतो त्याप्रमाणे, आणि त्यामुळे कोणालाही घाईने किंवा रागाने बोलता येत नाही. पूर्वजांसाठी जमिनीवर पेय शिंपडले गेले. मग कॅप्टनने, म्हणजे गावच्या प्रमुखाने, मला तीन गोष्टी विचारल्या: तुला कोणी पाठवले, तू लिहिलेले कोण वाचणार, आणि तू गेल्यावर आम्हाला काय उरणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माझ्याकडे तयार होती. तिसऱ्याला मी खरे तेच सांगितले की खटला उभा करण्याची शक्ती माझ्याकडे नाही, पैसा नाही, पण जे लिहीन ते तुमच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय विद्यापीठाला देणार नाही. त्यावर बराच वेळ चर्चा झाली. दुभाषीने ती मला तेव्हा सांगितली नाही आणि मीही विचारली नाही. शेवटी परवानगी मिळाली, दोन अटींवर: मृतांची नावे ध्वनिमुद्रणयंत्र चालू असताना घ्यायची नाहीत, आणि स्मारकाजवळ विचारल्याशिवाय छायाचित्र काढायचे नाही.

पुढच्या पाच आठवड्यांत मी १४ जणांशी बोलले. नऊ जण सुरिनाममध्ये, पाच जण नदीपलीकडे. एका दिवशी एकच मुलाखत, तीही सकाळी, म्हणजे नंतरचा दिवस त्या व्यक्तीला आपल्या माणसांत घालवता येतो, हा नियम दुभाषीने घातला आणि मी तो पाळला. संमतीपत्र वाचून दाखवायचे आणि तोंडी संमती नोंदवायची. भरपाईबद्दल लोक मोकळेपणाने बोलत. न्यायालयाने १३० हयात सदस्यांना प्रत्येकी १०,००० डॉलर मानसिक हानीचे आणि ३,००० डॉलर भौतिक नुकसानीचे ठरवले होते, घरे, आरोग्य आणि शिक्षणासाठी १२ लाख डॉलरचा निधी सांगितला होता, आणि ही रक्कम पुष्कळांना पाठ होती. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड फेनेटिआन यांनी २००६ च्या जुलैमध्ये जाहीर माफी मागितली, तेही आठवत होते. चौकशीचा प्रश्न आला की उत्तरे लहान होत जात. ‘कोणी आले का?’ या प्रश्नाला एका गृहस्थांनी दिलेले उत्तर मी जसेच्या तसे प्रबंधात घातले आहे: “तू आलीस.”

मारोवाइने नदी मी आल्बिनाहून होडीने ओलांडली. पलीकडे सें-लोराँ-द्यू-मारोनी. तिथे एक वयस्कर बाई मला भेटायला तयार झाल्या होत्या. मी पोहोचले तेव्हा त्या कसाव्याचे काम करत होत्या; आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा कंद. किसलेला ओला चोथा त्यांनी मातापी नावाच्या लांब विणलेल्या नळीत भरला, नळी आडव्या वाशाला टांगली आणि खालच्या फासात घातलेल्या दांड्यावर बसून तिला ताण दिला, तसे विणीच्या फटींतून पांढरे पाणी झिरपू लागले. तासभर त्या फक्त कसाव्याबद्दल बोलल्या: कोणता गोड, कोणता विषारी, रस नीट निघाला नाही तर काय होते. ध्वनिमुद्रणयंत्र पिशवीतच राहिले. मग हात पुसत त्या म्हणाल्या की तिकडे शेत होते तिथे आता झाडे किती जाड झाली असतील ते त्यांना माहीत आहे, कारण त्या दरवर्षी मोजतात, इथे बसून. एवढेच. ती मुलाखत चौकशीबद्दल काहीच सांगत नाही असे मला मार्गदर्शक बाईंना कळवावे लागले, आणि त्यांनी ती परिशिष्टात न टाकता पहिल्या प्रकरणात घ्यायला लावली.

२९ नोव्हेंबर २०२३, बुधवार. मोइवानाला दरवर्षीप्रमाणे स्मरणाचा कार्यक्रम होता. तिथले स्मारक न्जुका कलावंत मार्सेल पिनास यांनी घडवले आहे आणि त्यावर अफाका लिपीतली चिन्हे आहेत. ही लिपी १९१० च्या सुमारास अफाका नावाच्या न्जुका माणसाने आपल्या भाषेसाठी तयार केली. ऊन फार कडक होते. मी मागे, झाडाच्या सावलीत उभी राहिले. नावे वाचली जात असताना दुभाषीने भाषांतर थांबवले आणि मी तिच्याकडे पाहिलेही नाही. त्या दिवशी वहीत मी फक्त वेळ लिहिली आहे.

२ डिसेंबरला परतले. पहिले तीन आठवडे मी ध्वनिमुद्रणे उघडलीच नाहीत. झोप लागत नव्हती आणि विद्यापीठातल्या समुपदेशकांकडे जावे लागले. हे मी आवर्जून लिहिते आहे, कारण अर्जातल्या वेळापत्रकात या तीन आठवड्यांची सोय केलेली नव्हती आणि ती करायला हवी होती. २० डिसेंबर २०२३ रोजी बातमी आली की १९८२ च्या डिसेंबर हत्यांसाठी बाउटर्से यांना झालेली २० वर्षांची शिक्षा सुरिनामच्या वरिष्ठ न्यायालयाने कायम केली. त्या खटल्यातला मूळ निकाल २०१९ सालच्या २९ नोव्हेंबरचा, म्हणजे मोइवानाच्याच तारखेचा होता. मी दुभाषीला फोन केला. ती म्हणाली, “चांगले झाले. ते पंधरा जण शहरातले होते.” पुढे ती काही बोलली नाही आणि मला तेच माझ्या शेवटच्या प्रकरणाचे पहिले वाक्य वाटले.

लिखाण जानेवारी ते एप्रिल चालले. शब्द दिल्याप्रमाणे १२ पानांचा सारांश डचमध्ये करून मी एप्रिलच्या अखेरीस मुंगोला पाठवला आणि दुभाषीने तो दोन बैठकांत न्जुका भाषेत वाचून दाखवला. १९ मे रोजी तिचा निरोप आला. ज्यांच्याशी मी बोलले त्यांच्यापैकी कोणाचीही ओळख उघड होत नाही याची त्यांनी स्वतः खात्री केली होती, तारखांबद्दल काही म्हणणे नव्हते, पण एक दुरुस्ती हवी होती. एका बाईंनी मुलाखतीत ‘माझी आई’ म्हटले होते. मी कागदपत्रांशी ताडून पाहिले तेव्हा ती त्यांच्या आईची बहीण निघाली, म्हणून अचूकतेच्या आग्रहाने मी ‘मावशी’ असे लिहिले होते. वडीलधाऱ्यांनी सांगून पाठवले की जिने वाढवले तिला त्या आईच म्हणतात आणि ती आई म्हणूनच लिहिली जावी. ‘माय मरो पण मावशी जगो’ ही म्हण लहानपणापासून ऐकूनही मला ते सुचले नव्हते. सारांशात दोन ठिकाणी आणि प्रबंधात चार ठिकाणी तो शब्द मी बदलला, सुधारलेल्या पानांवर तारीख घालून ती ३ जूनला पाठवली, आणि ती मिळाल्याचा निरोप आल्यावरच प्रबंध जमा केला.